मुखत्यार कोणाचा?

माळव्यात ‘एजन्सी’ हा शब्द जाहिरातवाल्यांच्या पुष्कळ आधी आला, आणि तो आला राजकारणातून. १८५४ साली इंग्रज सरकारने मध्य भारतातील संस्थानांसाठी ‘सेंट्रल इंडिया एजन्सी’ स्थापन केली. तिचे मुख्य ठाणे इंदूरची रेसिडेन्सी. धार, देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती ही पवारांची तिन्ही संस्थाने तिच्या देखरेखीखाली होती. पोलिटिकल एजंट दरबारात मानाच्या जागी बसे, महाराजांना मित्रत्वाचा सल्ला देई; परंतु तो एजंट होता गव्हर्नर जनरलचा, संस्थानाचा नव्हे. सल्ला द्यावयाचा एकाला आणि जबाब द्यावयाचा दुसऱ्याला, अशी ती व्यवस्था होती. तिचा जाच येथील दरबारांनी किती सोसला, हे सांगावयास नकोच.

श्रोतेहो, आजचा विषय वरवर पाहता याहून फार दूरचा आहे. मोठ्या जाहिरातसंस्थांविषयी त्यांच्या गिऱ्हाइकांची जी जुनी तक्रार आहे, तिचा इतिहास मला सांगावयाचा आहे. पण पेच मात्र तोच. देवास जिल्ह्यातील लोहारद्यासारख्या गावच्या शेतकऱ्याला तो समजावून देण्याची आवश्यकता नाही. माल ज्याच्या मार्फत विकावयाचा त्या अडत्याची अडत कोणाच्या खिशातून जाते, आणि भाव करताना तो कोणाच्या तोंडाकडे पाहतो, हे शेतकरी पुरते ओळखून असतो. कारखानदाराला ते कळावयास बराच काळ लागला.

जाहिरात-दलालाचा धंदा अमेरिकेत १८४० नंतरच्या दशकात, व्होल्नी पामर याने फिलाडेल्फियात सुरू केला. हा गृहस्थ वर्तमानपत्रांतील जागा व्यापाऱ्यांना विकीत असे. मोबदला वर्तमानपत्राकडून मिळे. म्हणून वस्तुतः तो वर्तमानपत्राचाच मुखत्यार होता. जाहिरातीचा मजकूर लिहिणे ही व्यापाऱ्याची डोकेदुखी. पुढे १८७६ साली एन. डब्ल्यू. एयर या पेढीने ‘उघडा करार’ आणला: जागा ज्या किमतीला मिळाली ती किंमत व्यापाऱ्याला दाखवावयाची आणि तीवर ठरलेले कमिशन घ्यावयाचे. येथून दलाल हा गिऱ्हाइकाचा सल्लागार झाला, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु कमिशन मोजले जाई ते खर्चावरच. गाडीला बैल दुसरा जुंपला, चाकोरी जुनीच राहिली.

मुंबईत हा धंदा १९०५ सालापासून दिसतो. त्या वर्षी गिरगावात निघालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातील सर्वांत जुन्या जाहिरातसंस्थांपैकी एक गणली जाते. १९२९ मध्ये जनरल मोटर्सच्या मोटारींचे काम घेऊन जे. वॉल्टर थॉमसन ही अमेरिकी संस्था मुंबईत आली, आणि परदेशी कंपन्यांच्या पाठोपाठ परदेशी जाहिरातसंस्था येण्याचा ओघ वाढला. १९३९ साली वृत्तपत्रमालकांची संघटना स्थापन झाली. तिने मान्यता दिलेल्या संस्थांनाच वर्तमानपत्रांकडून शेकडा १५ कमिशन मिळावे, असा रिवाज रूढ झाला.

हा हिशेब थोडा उलगडून पाहिला पाहिजे, कारण साऱ्या तक्रारींचे मूळ त्यात आहे. समजा, जाहिरातीचा दर एक हजार रुपये आहे. कारखानदार संस्थेला हजार देतो, संस्था वर्तमानपत्राला साडेआठशे पोहोचवते, दीडशे आपल्याजवळ ठेवते. कारखानदार स्वतः वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला तर त्याला साडेआठशेत काम होईल काय? नाही. मान्यता नसल्यामुळे त्याला हजारच मोजावे लागत. म्हणजे संस्थेची चाकरी त्याला फुकट पडते असे दिसे, आणि ती नाकारण्यात फायदाही नसे. ठसे, चित्रे, छायाचित्रे यांचा खर्च निराळा. त्यावर संस्था शेकडा १७.६५ चढवी. हा विचित्र आकडा आला कोठून, असे विचारणाऱ्या कारखानदाराला उत्तर मिळे की, ८५ वर १५ म्हणजे १७.६५! गणित चोख आहे. परंतु गणित चोख असले म्हणून गिऱ्हाइकाचे समाधान होतेच असे नाही.

कारण उघड आहे. ज्याचे उत्पन्न आपल्या खर्चाबरोबर वाढते, तो आपल्याला खर्च कमी करा असे कधी सांगणार? दहा लाखांच्या गिऱ्हाइकाला संस्थेचे मुख्य अधिकारी भेटत. दहा हजारांच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला उमेदवार येत. त्यातून मराठी मुलखातील कारखानदाराचे दुखणे वेगळेच होते. जाहिरात प्रथम फोर्टातील कचेरीत इंग्रजीत लिहिली जाई, तेथेच मंजूर होई, आणि मग तिचे मराठी करावयास कोणा भाषांतरकाराकडे धाडली जाई. जे मराठी उतरे ते नांगर घेणाऱ्याच्या तोंडी कधीच बसले नसते.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गिऱ्हाइकाने पैसे थकविले तरी ठरल्या मुदतीत वर्तमानपत्राचे बिल भागविण्याची जोखीम संस्थेच्या डोक्यावर असते. आणि नाना चित्रे काढून घेऊन शेवटी आपल्या मेव्हण्याला आवडले नाही म्हणून काम नाकारणारे गिऱ्हाईकही या जगात कमी नाहीत.

या कोंडीतून निराळी वाट काढणारे एक मराठी घराणे आपल्या परिचयाचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान घातले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्याची समजूत होती. पहिले काही नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. अशा समजुतीवर वर्तमानपत्रातील चौकटीचा इलाज चालत नाही. नांगर घेणारा वर्तमानपत्र वाचीत नव्हता, आणि वाचणारा नांगर धरीत नव्हता! १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव तेथे आले. ते शिकलेले चित्रकार. त्यांच्या हाती कारखान्याच्या प्रसिद्धीचे काम आले आणि १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले.

आरंभी ते विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना कारखान्याच्या मालाची माहिती देणारे लहानसे पत्रक होते. विशेष असे की, लिहिणारा, चित्रे काढणारा आणि कारखान्याच्या भल्याबुऱ्याचा वाटेकरी ही तिन्ही माणसे एकच होती. ‘खबरे’तील शब्द कोणा कचेरीतून भाषांतरित होऊन येत नव्हते; ते भट्टीशेजारी लिहिले जात. पुढे तर मासिकाने कारखान्याला मागे टाकले. १९२९ साली ‘खबर’ हे शेपूट गळून ते नुसते ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे निघाली, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यातून घरोघर वाचले गेले. नांगराच्या जाहिरातीसाठी काढलेल्या पत्रकातून मराठी मध्यमवर्गाचे एक विचारपीठ उभे राहावे, ही घटना जाहिरातीच्या जागतिक इतिहासातही विरळा होय. कालांतराने किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना देवासला निघाला आणि बेळगावचे ते नाव माळव्यातील विहिरींच्या काठांवर येऊन पोहोचले.

अर्थात प्रत्येक कारखानदाराच्या घरात शंकरराव जन्माला येत नाहीत. बाकीच्यांनी संघटनेचा मार्ग धरला. जाहिरातसंस्थांची संघटना १९४५ सालीच झाली होती. वर्तमानपत्रे आपला खप वाटेल तसा फुगवून सांगत, त्यावर तोडगा म्हणून १९४८ मध्ये खपाची तपासणी करणारे ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ निघाले. आणि १९५२ मध्ये खुद्द जाहिरातदारांची ‘इंडियन सोसायटी ऑफ ॲडव्हर्टायझर्स’ उभी राहिली. यांपैकी खपाच्या तपासणीचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. मोजमाप खोटे असेल तर मुखत्यार प्रामाणिक असूनही उपयोग काय?

ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांनी स्वतःच्याच संस्था काढल्या. लिंटास या नावातील पहिली अक्षरे लिव्हर कंपनीचीच आहेत. साबणवाल्या लिव्हरने आपल्या जाहिरातींसाठी ती निर्माण केली, आणि १९३९ मध्ये ती मुंबईत आली. अहमदाबादेत १९८० साली विमल कापडाच्या जाहिरातींसाठी मुद्रा निघाली. याच्या अगदी उलट वागले वर्गीस कुरियन. १९६६ मध्ये अमूल लोण्याचे काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्याकडे आले, तेव्हा फलक आधी मंजुरीसाठी दाखविण्याची अट कुरियन यांनी घातली नाही. ठिपक्यांच्या झग्यातील ती मुलगी त्या विश्वासाचे अपत्य आहे. असा विश्वास टाकणारा मालक आणि तो पेलणारा कलावंत यांची गाठ क्वचितच पडते.

कमिशनचा गड अमेरिकेतच ढासळू लागला. १९५६ साली तेथील न्यायखात्याच्या दाव्यानंतर ठराविक कमिशनची सक्ती सोडावी लागली. १९६० मध्ये डेव्हिड ऑगिल्व्ही यांनी शेल कंपनीचे काम कमिशनऐवजी ठरलेल्या फीवर स्वीकारले. आता तरी मुखत्यार गिऱ्हाइकाचा झाला, असे वाटण्याजोगे ते होते. परंतु २०१६ साली अमेरिकेतील जाहिरातदारांच्या संघटनेने केलेल्या चौकशीत असे आढळले की, प्रसारमाध्यमांकडून मिळणाऱ्या सवलती काही संस्था गिऱ्हाइकाला न कळविता आपल्यापाशी ठेवीत होत्या. पामरचा काळ वेष पालटून परत आला होता. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये स्पर्धा आयोगाने काही बड्या जाहिरातसंस्थांच्या कचेऱ्यांची झडती घेतली. दर आणि सवलती आपसात ठरविल्याचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

मुद्रा २०११ साली ऑम्निकॉम या अमेरिकी समूहाकडे गेली होती. लिंटास ज्या इंटरपब्लिक समूहात होती, तो समूह नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच ऑम्निकॉमने घेतला. दोन कारखानदारांनी, परक्या संस्थांच्या हाती आपले काम नको म्हणून काढलेली ही दोन घरे त्या दिवशी एकाच परक्या मालकाकडे जमा झाली.