पराभवाची इंग्रजी नावे

इंग्रजी इतिहासग्रंथ वाचताना आपण सगळेच एक सोय करून घेतो. सरेंडर, यील्ड, कॅपिट्युलेट, कन्सीड असे निरनिराळे शब्द समोर आले, की त्या सर्वांना ‘शरण जाणे’ हा एकच मराठी शब्द लावून आपण पुढच्या पानावर जातो. गोष्ट कळण्यापुरते हे ठीक आहे. परंतु इतिहास समजून घ्यावयाचा तर ते पुरत नाही. हे शब्द एका घरचे नाहीत. कोणी जमीनदाराच्या कचेरीतून आला आहे, कोणी द्वंद्वाच्या रिंगणातून, तर कोणी कारकुनाच्या लेखणीतून. आणि हरलेल्याने कोणता शब्द उच्चारला यावर त्याचे प्राण, अब्रू आणि मालमत्ता यांपैकी काय वाचणार हे ठरत असे.

‘यील्ड’ हा यांतला अस्सल देशी शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पैसे चुकते करणे. जर्मन भाषेत पैशाला ‘गेल्ड’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद. शेताचे उत्पन्न आणि लढाईतली शरणागती या दोहोंना इंग्रज आजही एकच शब्द वापरतो, त्याचे मूळ येथे आहे. जमीन देणे देते, तसाच हरलेलाही देणे देतो.

‘सरेंडर’ हा नॉर्मन विजेत्यांच्या फ्रेंच भाषेतून आलेला, जमीनजुमल्याच्या कायद्यातला शब्द. मॅनर म्हणजे जहागीर. तिच्यातील कूळ आपली जमीन सोडू लागले म्हणजे ते जहागीरदाराच्या कचेरीत कारभाऱ्याच्या हाती एक काठी देई. ती दिली की हक्क सुटला. कॉपीहोल्ड नावाची ही कुळपद्धती इंग्लंडात १९२६ साली संपली. या व्यवहारात लाज कसलीच नव्हती. आपण विम्याची पॉलिसी ‘सरेंडर’ करतो तेव्हा नकळत हा जुना, निरुपद्रवी अर्थच वापरीत असतो.

खरी लाज होती ती ‘क्रेव्हन’ या शब्दात. आज त्याचा अर्थ भ्याड एवढाच उरला आहे. पण एके काळी तो न्यायालयात तोंडाने उच्चारावयाचा शब्द होता. नॉर्मन राजवटीत इंग्लंडात द्वंद्वाने न्याय करण्याची रीत आली. आरोपीने सूर्योदयापासून आकाशात तारे दिसेपर्यंत तग धरली तर तो निर्दोष, हरला तर फाशी. मात्र फिर्यादीने दम सुटून ‘क्रेव्हन’ म्हटले, तर त्याचा जीव वाचे. पण माणूस म्हणून तो संपे. पुढे त्याला कधी साक्ष देता येत नसे, की पंचांत बसता येत नसे. आपल्याकडे दाती तृण धरणाऱ्याला निदान अभय मिळते, लोक थोडे हसतात आणि विसरतात. तिकडे कायदा विसरत नसे.

ही रीत पुस्तकात तशीच पडून राहिली होती. १८१७ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमजवळ मेरी अ‍ॅशफर्ड नावाच्या तरुणीचे प्रेत एका डबक्यात सापडले. खुनाच्या आरोपातून अब्राहम थॉर्नटन सुटला, तेव्हा तिच्या भावाने जुन्या कायद्याचा आधार घेऊन पुन्हा फिर्याद केली. थॉर्नटनच्या वकिलांनी त्याहून जुना कायदा काढला. नोव्हेंबरमध्ये, म्हणजे शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले त्याच महिन्यात, थॉर्नटनने लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयात हातमोजा फेकून द्वंद्वाचे आव्हान दिले. न्यायमूर्तींनी पुष्कळ विचार केला आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये सांगितले, की कायदा रद्द झालेला नाही, सबब द्वंद्वाचा हक्क आहे! फिर्यादी अंगाने किरकोळ. त्याने माघार घेतली. आरोपी सुटून गेला आणि १८१९ साली पार्लमेंटने घाईघाईने ही रीत रद्द केली. आपल्याला सुधारणेचे धडे देणारे राज्य त्या वेळी स्वतःच्या घरातली ही अडगळ काढीत होते, हे ध्यानात ठेवावयास हरकत नाही.

आता सैन्याच्या शब्दांकडे येऊ. ‘कॅपिट्युलेट’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ मथळे घालून कलमे पाडणे. आपल्या जुन्या दप्तरांतला ‘कलमबंदी’ हा शब्द त्याला चपखल बसतो. तुर्की सुलतानाने युरोपीय व्यापाऱ्यांना ज्या सवलती दिल्या त्यांनाही कॅपिट्युलेशन्स म्हणत, आणि तेथे कोणी हरलेले नव्हते. पुढे वेढ्यात सापडलेले सेनापती कलमे लिहून किल्ले खाली करू लागले, तसा शब्दाला पराभवाचा डाग लागला. मग मानी सेनापतींना तो नकोसा झाला.

त्यांना पर्याय मिळाला ‘कन्व्हेन्शन’चा. मूळ अर्थ एकत्र येणे. जणू दोन गृहस्थ सहज भेटले आणि काही ठरवून गेले! १७७७ च्या ऑक्टोबरमध्ये साराटोगा येथे अमेरिकनांनी कोंडलेल्या जनरल बर्गॉइनने आग्रह धरला, की कागदावर कॅपिट्युलेशन हा शब्द नको, कन्व्हेन्शन हवा. जनरल गेट्सने ते मानले. बर्गॉइनचे सैन्य युद्धकैदी ठरावयाचे नव्हते. त्या युद्धात पुन्हा अमेरिकेत लढावयाचे नाही या अटीवर ते मायदेशी जावयाचे होते. अब्रू राहिली, पण सैनिक गेले नाहीत. हा करार इंग्लंडच्या राजाने मान्य करीपर्यंत स्थगित, असे अमेरिकन काँग्रेसने १७७८ च्या जानेवारीत ठरविले, आणि ती फौज युद्ध संपेपर्यंत अडकून पडली. पुढे १७८१ साली यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसवर तीच पाळी आली, तेव्हा चौदा कलमांचे चोख कॅपिट्युलेशनच लिहून घेण्यात आले. कॉर्नवॉलिस आजाराचे निमित्त सांगून तंबूतच राहिला आणि पाचच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास उतरला.

या दोन घटनांच्या मध्ये, १७७९ च्या जानेवारीत, आपले वडगाव येते. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यास निघालेली मुंबईकरांची फौज तळेगावाहून मागे फिरली. जड तोफा तिने तळ्यात टाकल्या, आणि वडगावला ती कोंडली गेली. १७७३ पासून घेतलेला सर्व मुलूख साष्टीसह परत करावा, बंगालहून येणारी फौज माघारी धाडावी, असे कार्नॅक आणि एगर्टन यांनी लिहून दिले व दोन इंग्रज ओलीस ठेवले. आपण याला वडगावचा तह म्हणतो. इंग्रजी ग्रंथांत मात्र तो ‘कन्व्हेन्शन’ आहे, आणि दोहोंत फार अंतर आहे. तह सरकार करते. रणांगणावरचे कन्व्हेन्शन सेनापती करतो, आणि त्याला अधिकार होता काय, हा प्रश्न मागाहून विचारता येतो.

तो विचारला गेला. फौज सुखरूप निघताच बंगालच्या पलटणीला पाठविलेला माघारीचा हुकूम फिरविण्यात आला. मुंबईकर म्हणाले, आमच्या माणसांना तहाचा अधिकारच नव्हता. पुरंदरचा तह मोडताना मात्र हाच अधिकार त्यांना भरपूर पुरला होता. हेस्टिंग्जनेही करार नाकारला; नाकारणे सोपे, नामुष्की पुसणे कठीण, हे तो जाणून होता. कार्नॅक, एगर्टन आणि कॉकबर्न यांना कंपनीने नोकरीतून काढले. लढाई पुन्हा पेटली आणि १७८२ च्या साल्बाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

महादजी शिंद्यांना भडोच देण्याचे वडगावी ठरले होते. तेही कलम इतरांबरोबर रद्द झाले. साल्बाईनंतर इंग्रजांनी भडोच त्यांना दिले खरे, पण कागदावर कारण लिहिले ते असे, की वडगावी मुंबई सरकारशी ते उदारपणे वागले आणि ओलीस ठेवलेल्या गृहस्थांना त्यांनी ममतेने वागवून सोडून दिले, त्याबद्दलची ही कृतज्ञता.