स्तरनिश्चिती, होतकरू क्रिकेटपटूंची

स्तरनिश्चिती, होतकरू क्रिकेटपटूंची : उदयोन्मुख खेळाडूने कोणत्या दर्जाच्या सामन्यांत खेळावे, हे ठरविण्याची पद्धती. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हा निर्णय सर्वस्वी खेळाडूशी करार करणाऱ्या संघाचा असतो. सेंट लुई कार्डिनल्स संघाच्या ब्रँच रिकी यांनी १९२० नंतरच्या दशकात दुय्यम संघ ताब्यात घेऊन त्यांतून आपले खेळाडू घडविण्याची प्रथा रूढ केली. २०२१ च्या पुनर्रचनेनंतर तेथे चार मुख्य पायऱ्यांवर मिळून १२० संलग्न संघ असून नवख्यांचे सामने त्यांखाली होतात. खेळाडूचे वय व प्रतिस्पर्ध्यांची कुवत पाहून त्यास वर चढविले किंवा खाली उतरविले जाते. महाराष्ट्रात याला जवळची अशी व्यवस्था क्रिकेटमध्ये आढळते. मात्र येथे निर्णय एका हाती नसतो.

मुंबईत शालेय गटासाठी हॅरिस ढाल (१८९७ पासून) व त्याहून लहान मुलांसाठी जाइल्स ढाल अशा स्पर्धा आहेत. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली साखळी स्पर्धा ‘ए’ ते ‘जी’ अशा सात विभागांत, ऐन पावसाळ्यात, न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. येथे दर्जा संघाचा असतो, खेळाडूचा नव्हे. त्यामुळे मुलगा कोणत्या क्लबात जातो, यावरच त्याची पायरी ठरते. कार्यालयीन संघांच्या टाइम्स ढाल स्पर्धेतही असे विभाग होते. एकाच मुलाने शाळा, क्लब व पुढे कार्यालय अशा तीन पातळ्यांवर एकाच मोसमात खेळणे मुंबईत नवलाचे नव्हते. मुंबईच्या फलंदाजीचे बळ बव्हंशी या सरमिसळीत आहे.

सचिन तेंडुलकर याचे उदाहरण बोलके आहे. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी त्यास शारदाश्रम विद्यामंदिरात आणविले. १९८४ मध्ये, अकराव्या वर्षी, जॉन ब्राइट क्लबाकडून तो कांगा स्पर्धेत प्रौढांविरुद्ध खेळला. नोव्हेंबर १९८७ मध्ये मुंबईच्या रणजी संघात त्याची निवड झाली. पण त्या मोसमात अकरांत त्यास घेतले नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात विनोद कांबळीसह त्याने ६६४ धावांची अभेद्य भागी रचली. तरीही शालेय धावांवर विसंबण्यात आले नाही. दिलीप वेंगसरकर यांनी सरावात त्यास कपिल देव यांच्या गोलंदाजीस सामोरे जाण्यास सांगितले. ११ डिसेंबर १९८८ रोजी गुजरातविरुद्ध पहिल्या रणजी सामन्यात, पंधरा वर्षांचा असताना, त्याने नाबाद १०० धावा केल्या. राखीव म्हणून घालविलेले हे वर्ष वाया गेले, असे म्हणता येत नाही.

स्वतः वेंगसरकर यांना मात्र अशी उसंत मिळाली नव्हती. १९७५ मध्ये नागपूर येथील इराणी चषक सामन्यात शेष भारताविरुद्ध शतक काढताच, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांची न्यूझीलंड दौऱ्यावर निवड झाली. तेथे सलामीस खेळविल्याने त्यांचा जम बसला नाही. कसोटीतील पहिले शतक १९७८-७९ च्या मोसमात आले. उलट प्रकारही घडले. ६६४ धावांच्या भागीत पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेल्या अमोल मुजुमदार यांनी १९९३-९४ मध्ये रणजी पदार्पणात नाबाद २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा करूनही ते कसोटी खेळले नाहीत. फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर (प्रथम श्रेणीत ५८९ बळी) यांचेही तसेच झाले. बिशनसिंग बेदी संघात असताना वरची पायरी मोकळीच नव्हती. पायऱ्या नीट रचल्या, तरी माथ्यावरील जागा मोजक्याच राहतात.

विदर्भात प्रश्न निराळा होता : मधल्या पायऱ्याच कमी. १९५७-५८ पासून विदर्भाचा संघ रणजी खेळत असला, तरी क्लब, मैदाने व प्रशिक्षक नागपुरात एकवटले होते. वैनगंगेकाठच्या मार्कंडा (ता. चामोर्शी, जि. गडचिरोली) परिसरातून नागपूर दीडशे किलोमीटरांहून दूर पडते. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत पारितोषिके मिळतात, पण खेळाडूचा दर्जा ठरत नाही. वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी (१६ वर्षांखालील विजय मर्चंट, १९ खालील कूचबिहार, २३ खालील सी. के. नायडू) आधी संघटनेच्या नजरेत यावे लागते. सोळा वर्षांखालील मुलांचे वय डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून पडताळले जाते. ही कसोटी लबाडीस आळा घालते. कौशल्याविषयी ती काहीच सांगत नाही.

वलनीच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव हा टेनिस चेंडूवर वाढलेला वेगवान गोलंदाज. वयोगटांच्या पायऱ्या जवळजवळ टाळूनच तो नोव्हेंबर २००८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, विदर्भाकडून रणजी खेळला. कर्णधार प्रीतम गंधे यांचा आग्रह त्यामागे होता. तीन वर्षांनी दिल्ली येथे वेस्ट इंडीजविरुद्ध तो कसोटी खेळला. हा मार्ग एका जाणत्याच्या नजरेवर अवलंबून होता. त्यास पद्धती म्हणता येणार नाही. ती पुढे नागपुरातील निवासी प्रबोधिनीने आणि वयोगटांच्या संघांनी उभी केली. २०१७-१८ व २०१८-१९ या लागोपाठच्या मोसमांत, चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली, विदर्भाने रणजी करंडक जिंकला. २०२४-२५ मधील तिसऱ्या विजेतेपदाच्या वेळी बावीस वर्षांच्या हर्ष दुबे याने मोसमात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला, तर पहिल्याच मोसमात खेळणाऱ्या दानिश मालेवार याने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात १५३ धावा काढल्या.