हँडब्रेक, गंज आणि एक जुना बूट

तर झालं असं की, २१ मार्च २०२०, शनिवार. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू. घरात बसायचंच आहे तर गाडी तरी चकाचक करू म्हणून मी खाली पार्किंगमध्ये पाइप घेऊन गाडी धुतली. चाकं विशेष प्रेमाने. मग शहाण्या माणसासारखा हँडब्रेक करकचून ओढला आणि वर गेलो. पुढे लॉकडाऊन लागला.

बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी खाली जाऊन दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचो. इंजिन सुरू, एसी सुरू, दिवे सुरू, सगळं ओके. आपल्या भाषेत सांगायचं तर हेल्थ चेक पास. गाडी मात्र एक फूटही हलवली नव्हती, आणि गाडीचं मुख्य काम हलणं असतं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

३ जूनला निसर्ग वादळ आलं, पुण्यातही धो धो पाऊस पडला. ५ जूनच्या रात्री साडेअकराला आईचा फोन. "अरे, यांना दम लागतोय, छातीत दुखतंय म्हणतायत. येतोस का लगेच?" आई-बाबा माझ्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर राहतात. मी धावत खाली गेलो, चावी फिरवली, इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला तर गाडी मागून कुणी दोरखंडाने बांधल्यासारखी जागच्या जागी दबली. हँडब्रेकचा दांडा खाली होता, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेला होता. पुन्हा प्रयत्न केला, रिव्हर्स टाकून पाहिला. इंजिन बंद पडलं.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांचं दार वाजवलं. ते बनियनवरच खाली आले आणि त्यांच्या गाडीतून आम्ही बाबांना घेऊन गेलो. बाबा दोन दिवस हॉस्पिटलमध्ये राहून सुखरूप घरी आले. पण पार्किंगमधली ती दहा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

असो. रूट कॉज कळल्याशिवाय झोप न लागणं हा आपल्या धंद्यातला रोग आहे. तेव्हापासून ब्रेक या विषयात जे खोदत गेलो ते थेट १८८८ पर्यंत पोचलं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. बरोबर दोन पोरं. अंतर साधारण १०० किलोमीटर, आणि एवढा लांबचा मोटारप्रवास तोवर कुणीच केला नव्हता. त्या गाडीचा ब्रेक म्हणजे चाकावर दाबला जाणारा लाकडी ठोकळा, घोडागाडीला असायचा तसाच. उतारांवर लाकूड झिजलं तेव्हा बाईंनी वाटेतल्या गावात चांभार गाठून ठोकळ्यावर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनिंग ते हेच, असं मानलं जातं.

दुसरा माणूस इंग्लंडमधल्या डर्बीशायरचा, हर्बर्ट फ्रूड. त्याची गोष्ट अशी सांगतात की डोंगराळ रस्त्यांवरचे गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट ठोकतात आणि त्याने गाडी चांगली थांबते, हे त्याने पाहिलं. १८९७ मध्ये त्याने ब्रेकसाठी खास अस्तरं बनवायला सुरुवात केली. आडनावाची अक्षरं उलटसुलट करून आणि वर एक 'ई' घालून कंपनीला नाव दिलं फेरोडो. ब्रेक पॅडच्या खोक्यावर हे नाव आजही दिसतं.

सुरुवातीची अस्तरं सुती कापडाची होती, आणि मोटारींचा वेग वाढला तशी ती जळायला लागली. का, ते एका छोट्या हिशोबात कळतं. १००० किलोची गाडी ताशी ९० च्या वेगाने चालली असेल तर ती थांबवताना जी उष्णता तयार होते, तिच्यात एक लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता काही सेकंदांत, तळहाताएवढ्या पट्ट्यांमध्ये! चामडं, सूत, लाकूड, कुणाचंच तिथे काम नाही.

मग फ्रूडने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ॲस्बेस्टॉस आणलं. जमिनीतून निघणारा, जळत नाही आणि तरी विणता येतो असा हा तंतू. शिवाय स्वस्त. त्याच सुमाराला, १९०२ मध्ये, फ्रान्समध्ये लुई रेनोने ड्रम ब्रेक आणला आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. डिस्कला खरे दिवस यायला १९५३ उजाडलं. त्या वर्षी डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने ल मांची शर्यत जिंकली. तोवर ड्रमचंच राज्य होतं, आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकांवर ते आजही आहे.

ड्रम म्हणजे बिडाचं भांडं, चाकाबरोबर फिरणारं. आत चंद्रकोरीसारखे दोन शू, त्यांच्यावर लायनर. हँडब्रेक ओढला की शू पसरून ड्रमला आतून चिकटून बसतात. एक शू ड्रमच्या फिरण्याबरोबर आणखीच आत ओढला जातो, म्हणून थोड्या ताकदीत घट्ट पकड मिळते. पार्किंगसाठी झकास! बीड वापरतात कारण ते स्वस्त आहे, उष्णता झेलतं, आवाज कमी करतं. फक्त ते गंजतं. डिस्कवरचा गंज पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो, पण ड्रममध्ये शिरलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही. ओला लायनर महिनोन्‌महिने बिडावर दाबून ठेवला की मधला गंज डिंकासारखं काम करतो. दांडा खाली केला तरी शू मागे ओढायला दोन स्प्रिंगच असतात. त्यांच्याने तो डिंक सुटत नाही. माझं तेच झालं होतं: धुतलेली चाकं, करकचून ओढलेला ब्रेक आणि ७६ दिवस.

आता खरी बोचणारी गोष्ट. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि माणूस पुढे कित्येक वर्षांनी दम लागून किंवा कॅन्सरने जातो. १९२४ मध्ये रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत काम केलेली नेली कर्शॉ ३३ व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. १९३१ मध्ये ब्रिटनने गिरण्यांतल्या धुळीबद्दल नियम केले. संपूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं! म्हणजे कळल्यापासून थांबवेपर्यंत पाऊणशे वर्षं. ब्रेक उत्तम लागत होते ना, मग बदलायचं कुणी?

ॲस्बेस्टॉसची जागा घ्यायला जे आलं त्यात स्टीलचे तंतू असलेली लायनिंगंही आहेत. ती उष्णता झेलतात, पण ओलीत स्वतःही गंजतात. म्हणजे लायनर तसा असेल तर दोन्ही बाजूंनी लोखंड. तरी गाडी पार्किंगमध्ये जाम होणं परवडलं.

८ जूनला गॅरेजवाले काका आले. चाक काढलं, ड्रमवर चारी बाजूंनी हातोडीने टकटक केलं आणि टण्णकन आवाज होऊन शू सुटले. "साहेब, जोर लावून गाडी ओढली असती तर लायनर उखडून आला असता," म्हणाले. मग ड्रम काढला आणि आतली काळी धूळ तोंडाने फुंकायला वाकले. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी शेजारी उभा राहून मोबाईलचा टॉर्च धरला होता. चाळीस वर्षं ते असेच फुंकत आलेत, आणि जुन्या लायनरांत काय काय होतं कोण जाणे. पुढच्या सर्व्हिसिंगला मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले, खोकले आणि म्हणाले, "आता काय व्हायचंय साहेब." पण त्यांच्या हाताखालचा पोरगा हल्ली ओलं फडकं वापरतो.

तर मंडळी, गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर धुतल्यावर एक चक्कर मारून, ब्रेक दाबून चाकं वाळवून आणा. सपाट जागी लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून विटा लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. आठवड्यातून एकदा नुसतं इंजिन चालू करू नका, गाडी हलवा.

मी हल्ली दर रविवारी आई-बाबांकडे जाऊन येतो. तीन किलोमीटर जाऊन, तीन येऊन. ब्रेकला बरं असतं.