गोटी सोड्याची बाटली : कालनिर्धारणाच्या साधनांची चिकित्सा

नाणी, ताम्रपट व दप्तरातील कागद यांना इतिहासाची साधने म्हणून जी मान्यता लाभली, ती काचेच्या बाटलीच्या वाट्याला आलेली नाही. जुन्या वाड्याच्या अडगळीत अथवा पायाच्या खोदकामात गोटी सोड्याची बाटली सापडली आणि ती एखाद्या संग्रहात दाखल झाली, की तिच्या चिठ्ठीवर '१८७२' हा आकडा लिहिण्याचा मोह सहज होतो. हा आकडा त्या बाटलीचा नसून तिच्यामागील कल्पनेचा आहे. कल्पनेच्या जन्मतिथीलाच वस्तूची जन्मतिथी मानणे हा या क्षेत्रातील सर्वांत रूढ दोष होय.

हायरम कॉड (१८३८–१८८७) या इंग्लिश अभियंत्याने १८७२ मध्ये या रचनेचे पेटंट घेतले. मानेत काचेची गोटी, ओठाच्या आतील खाचेत रबराचे वलय आणि पेय ओतताना गोटी अडून राहावी म्हणून मानेला दिलेले खळगे, अशी ही योजना आहे. बाटली उलटी धरून भरली जाई व वायूचा दाबच गोटीला वलयावर घट्ट बसवी. विल्यम पेंटर याने १८९२ मध्ये पत्र्याच्या दंतुर बुचाचे पेटंट घेतल्यानंतर पाश्चात्त्य देशांतून कॉडची बाटली हळूहळू मागे पडली. भारतात मात्र ती टिकली. उत्तर प्रदेशातील सासनी येथे एकविसाव्या शतकातही तिचे उत्पादन होत होते. म्हणजे १८७२ ही केवळ पूर्वमर्यादा ठरते. उत्तरमर्यादा जवळजवळ मोकळीच राहते.

बाटलीचे वय ठरविताना सामान्यतः साच्याच्या सांध्याची रेघ पाहिली जाते. हाताने घडविलेल्या ओठाच्या बाटलीत ही रेघ ओठाखालीच पुसली जाते. १९०३ नंतर प्रचारात आलेल्या ओवेन्सच्या स्वयंचलित यंत्रावरील बाटलीत ती ओठावरूनही जाते. बुडाशी लोखंडी सळई तोडल्याचा खडबडीत व्रण असल्यास बाटली बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची मानतात. हे नियम साध्या बाटल्यांना बऱ्याच अंशी लागू पडतात. (रेघ जितकी वर तितकी बाटली अलीकडची, हे त्यांचे लोकप्रिय सुलभीकरण मात्र भरवशाचे नाही.) गोटीच्या बाटलीत तर अडचण मुळातच आहे. गोटी आत टाकल्यावरच ओठ घडवावा लागतो. अन्यथा ती आत जाणार नाही, किंवा गेली तरी बाहेर येईल. परिणामी बऱ्याच अलीकडच्या बाटलीचा ओठही वेगळा घडविलेला दिसतो आणि अनभ्यस्त नजरेला ती शतकभर जुनी भासते.

अशा स्थितीत उठावाच्या अक्षरांची साक्ष अधिक मोलाची ठरते. पुण्यातील आर्देशिर (१८८४) वा मुंबईतील ड्यूक (१८८९) यांसारख्या उत्पादकाचे नाव असल्यास त्या व्यवसायाच्या स्थापनेपलीकडे मागे जाता येत नाही. मापाचे एककही बोलके असते. भारतात दशमान मापे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली; त्यामुळे मिलिलिटरचा उल्लेख असलेली सोड्याची बाटली त्यानंतरची असण्याची शक्यता प्रबळ आहे. याउलट 'पूना' किंवा 'बॉम्बे' या लेखनावरून फारसे काही सिद्ध होत नाही, कारण जुना साचा झिजेपर्यंत वापरणे कारखानदाराच्या हिताचेच असते. रंगाचा पुरावा त्याहून दुबळा. मँगॅनीजयुक्त काच उन्हात राहिल्याने जांभळट होते हे खरे. पण कृत्रिम किरणांनीही तोच रंग आणता येतो आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात तसे केलेही जाते.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न केवळ संग्राहकांच्या हौसेचा नाही. तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये उभा राहिला. सामान्य माणसाच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून स्वदेशी उद्योग उभारण्याचा तो प्रयत्न होता. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धात युरोपातील आयात खुंटल्याने देशी काचेला वाव मिळाला आणि त्याच काळात जपानी मालही बाजारात शिरला. सबब निनावी बाटलीवर घाईने '१८७२, इंग्लंड' अशी चिठ्ठी लावली, तर कदाचित येथील भट्टीत, येथील कारागिराने फुंकलेली वस्तू परक्या खात्यावर जमा होते. तिला पुराव्याविना 'स्वदेशी' ठरविणेही तितकेच चुकीचे.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. सोड्याची बाटली रिकामी होताच टाकून देण्याची वस्तू नव्हती. ती कारखान्यात परत जाई, धुतली जाई, नवे वलय बसवून पुन्हा भरली जाई आणि फुटेपर्यंत, किंवा एखाद्या मुलाने गोटीसाठी ती फोडेपर्यंत, वर्षानुवर्षे फिरत राही. म्हणून पायाच्या खोदकामात मिळालेल्या बाटलीवरून त्या थराचे वय काढताना ती कधी घडली याबरोबरच ती किती काळ वापरात राहिली असेल, याचाही हिशेब धरावा लागतो. सोबतची खापरे, नाणी आणि थराची खोली यांची नोंद न करता केवळ बाटली उचलून आणली असेल, तर तो हिशेब मांडण्यास आधार उरत नाही.