शिरगणती आणि वीटभट्टी

मुकण्यांचे जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे या डोंगरातील वारली, कोकणा, कातकरी यांचे गाऱ्हाणे दरबारापुढे नव्हे, खानेसुमारीच्या आकड्यांतून मांडले जाऊ लागले. विधानसभेच्या राखीव जागा त्यावरच ठरतात; आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, हा हिशेबही त्यावरच.

२०११ची गणती ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. पण दिवाळी सरली, की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी बिऱ्हाडे वीटभट्ट्यांकडे निघतात! गणतीचे सारे दिवस भट्टीवर असलेले माणूस भट्टीवरच मोजायचे, असा नियम. म्हणजे उपकेंद्र हवे गावाला, आणि शिरे जमा परगावी! तेथेही प्रगणक पोहोचला नाही, तर ती कोठेच नाहीत.

म्हणून वाचकहो, प्रगणक दारी आला, की आपल्या शिवारातल्या भट्टीवरच्या झोपड्याही त्याला दाखवा. गावाच्या नाही, तरी राज्यातील आदिवासींच्या हिश्शात ते शीर धरले जाईल.