चिखलदऱ्याचा ‘शोध’

वऱ्हाडांतील चिखलदरा हें थंड हवेचें ठिकाण इ. स. १८२३ सालीं हैदराबाद पलटणींतील कॅप्टन रॉबिन्सन ह्यानें शोधून काढिलें, असें विधान इंग्रजी लेखनांतून आलें व पुढें मराठींतही रूढ झालें. त्यांतील सन व नांव ह्यांविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो ‘शोध’ ह्या एका शब्दापुरता. कारण हा शब्द मान्य केला म्हणजे १८२३ पूर्वींचीं चारशें वर्षें आपोआप पुसलीं जातात.

वाशीम जिल्ह्यांतील रिठद येथून निघून अकोला, आकोट, अंजनगांव-सुर्जी व परतवाडा ह्या मार्गानें आम्ही चिखलदऱ्यास गेलों. गांव लहान व शांत आहे. उंची सुमारें १,११८ मीटर, म्हणजे साडेतीन हजार फुटांहून अधिक. इंग्रजी अमदानींतील बंगले, कॉफीची लागवड आणि पठाराच्या कडेस उघडणाऱ्या खोल दऱ्या पाहून हिमालयांतील शिमल्याची आठवण व्हावी. कालही जवळचाच, शिमल्यास केनेडीनें पहिलें पक्कें घर बांधिलें तें १८२२ सालीं. महाबळेश्वराची जागा १८२९ सालीं गव्हर्नर माल्कमनें सातारच्या प्रतापसिंह महाराजांशीं करार करून घेतली. तेथें निदान देणारा व घेणारा ह्या दोघांचीं नांवें कागदावर आहेत. चिखलदऱ्याच्या कथेंत मात्र घेणारा तेवढा दिसतो.

आतां गांवालगतचा गाविलगड पाहावा. फिरिश्त्याच्या कथनाप्रमाणें अहमदशहा वली बहामनीनें एलिचपुरास मुक्काम असतां १४२५ च्या सुमारास हा गड बांधविला. गडाच्या नांवांतच गवळ्यांची खूण असल्यामुळें त्याच्याही पूर्वीं त्या माथ्यावर वहिवाट असावी, असें अनुमान करण्यास जागा आहे. १४८८ सालीं फतेउल्ला इमादुल्मुल्कानें गडाची दुरुस्ती केली. दिल्ली दरवाज्यावरील गंडभेरुंडाचें शिल्प त्या घराण्याची साक्ष देतें. बहराम बुरुजावरील फारसी लेखांत हिजरी ९८५, म्हणजे इ. स. १५७७, हा काल निघतो. अबुल फजलाच्या ‘ऐने अकबरी’ंत वऱ्हाड सुभ्याचीं जीं सरकारें दिलीं आहेत त्यांत गाविल हें एक असून रिठदशेजारचें वाशीम हेंही एक आहे. तात्पर्य, ज्या डोंगराच्या नांवानें सरकार चालत होतें, तो डोंगर अज्ञात होता असें म्हणतां येत नाहीं.

खुद्द इंग्रजांनाही तो अज्ञात नव्हता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं आडगांवची लढाई जिंकल्यावर आर्थर वेलस्ली दक्षिणेकडे पायथ्याशीं राहिला आणि कर्नल स्टीव्हन्सन ह्यानें जड तोफा डोंगरांतून ओढीत गडाची उत्तर बाजू गांठली. वाट नव्हती, ती फौजेनेंच पाडिली. चिखलदऱ्याचें पठार गडाच्या ह्याच अंगास आहे. १५ डिसेंबरला गड पडला व किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां मारला गेला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. म्हणजे रॉबिन्सनच्या वीस वर्षें आधीं इंग्रजांच्या तोफा ह्या डोंगरावर चढल्या होत्या.

मग १८२३ सालींच ‘शोध’ कां लागला? ह्याचें उत्तर हवेंत नसून तहनाम्यांत आहे, असें आम्हांस वाटतें. देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला, तरी गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले लगतच्या प्रांतासह त्यांजकडेच राहिले. १८१७-१८ च्या युद्धांत नागपूरचें बळ मोडलें, आणि १८२२ च्या तहानें वर्धा ही सीमा ठरून हाही भाग निजामाकडे आला. निजामाच्या चाकरींतील पलटणीचा इंग्रज अंमलदार दुसऱ्याच वर्षीं येथें येतो, हा योगायोग खास नव्हे. डोंगर तोच होता. धनी बदलला होता. पुढें १८५३ त वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि १८५८ त तात्या टोप्यांच्या लोकांनीं आश्रय घेऊं नये म्हणून गडाची तटबंदी निकामी करण्यांत आली. गड बोलेनासा झाला. बंगल्यांचा इतिहास तेवढा बोलूं लागला.

स्थलकथा कीचकवधाशीं ह्या दऱ्येचा संबंध जोडते व ‘कीचकदरा’ अशी व्युत्पत्ति सांगते. विराटाचा मत्स्यदेश राजस्थानाकडे मानला जात असल्यानें ती इतिहास म्हणून स्वीकारतां येत नाहीं. परंतु येथील लोकांनीं ही भूमि आपल्या स्मृतींत गोंवून घेतली होती, एवढें तिजवरून सिद्ध होतें. मेळघाटांतील कोरकू लोकांची भाषा मुंडा कुळांतील आहे. त्यांनीं ओढ्यांना व टेकड्यांना दिलेलीं नांवें हाही एक पुरावाच होय, आणि तो जाणत्या म्हाताऱ्यांबरोबर नाहींसा होत आहे.

एक पुरावा केवढें काम करितो हें वाशीमकरांस सांगणें नको. १९३९ सालीं तेथें द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला, आणि वाकाटकांची वत्सगुल्म येथील शाखा प्रथमच स्पष्ट झाली. कित्येक शतकें ज्याविषयीं कोणी बोलत नव्हतें, तें एका घरांतील तांब्याच्या पत्र्यांनीं सांगितलें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, वऱ्हाडांतील देशमुख, देशपांडे, पाटील व कुळकर्णी घराण्यांच्या रुमालांत गाविल सरकार, गडाची शिबंदी, घासदाणा वा डोंगरवाटांची चौकी ह्यांचा उल्लेख आढळल्यास तो कागद वेगळा काढूं नये. रुमालांतील क्रम तसाच ठेवून दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, शिक्का व मोर्तब ह्यांची नोंद करावी, आणि कोणत्या घरीं, कोणत्या बांधणींत मिळाला तें लिहून ठेवावें. पानापानानें विकलेला रुमाल म्हणजे फोडलेला शिलालेख होय. असे कागद हातीं येतील तितकें १८२३ हें साल चिखलदऱ्याच्या इतिहासाच्या आरंभीं न राहतां मध्यभागीं जाऊन बसेल; त्याची योग्य जागा तीच आहे.