लेप आणि अंग: जुन्या घरगुती वस्तूंच्या नूतनीकरणाचे शास्त्र

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांच्या माळ्यावर तीन जातींच्या वस्तू हमखास सापडतात: तांब्या-पितळेची भांडी, सागवानी कपाटे-पेट्या आणि पत्र्याचे कंदील. त्या खाली काढून पुन्हा वापरात आणण्याची हौस अलीकडे वाढली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र कामाची सुरुवात बहुधा पॉलिश पेपरने होते आणि नुकसानही तिथेच होते. प्रत्येक वस्तूला अंग असते आणि अंगावर लेप असतो. लेप दिलेला असतो तो झिजण्यासाठी, म्हणजे अंग झिजू नये. नूतनीकरण म्हणजे अंगाला धक्का न लावता लेप नवा करणे. म्हणून आधी लेप ओळखायचा, मग हत्यार उचलायचे.

१. तांब्या-पितळेवरील कल्हई

ताक, चिंच, कोकम यांतले आम्ल तांबे विरघळवते, पदार्थ कळकतो. त्यावरचा उपाय म्हणजे आतून कथिलाचा पातळ थर. भांडे घासून निर्मळ करायचे, भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड भुरभुरायची, कथिलाची कांडी टेकवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचे. नवसागर तापला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकते. त्याशिवाय कथील तांब्याला धरत नाही. पांढऱ्या धुराचे काम हे.

कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. कल्हईचे पातेले रिकामे चुलीवर राहिले तर हा आकडा सहज ओलांडला जातो आणि कथील ओघळून एका बाजूला गोळा होते. काथ्या आणि चिंच ही बाहेरच्या बाजूची साधने. आतून राखेने खसाखसा घासणे म्हणजे कल्हईचे आयुष्य कमी करणे. बाहेरूनही जपून घासावे. आहेराच्या भांड्यावर टिंबाटिंबांनी कोरलेले नाव आणि साल हा त्या घराचा दस्तऐवज असतो. ते घासून घासून पुसट झाले की परत येत नाही.

स्वस्त कल्हईत शिसे मिसळले जाण्याचा धोका असतो. शुद्ध कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. शिशाला हा आवाज नाही. स्वयंपाकाच्या भांड्यासाठी एवढी खात्री करून घ्यावीच.

२. पत्र्याचा कंदील

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत ओगले काच कारखाना १९१६ साली उभा राहिला आणि तिथल्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातली असंख्य घरे उजळली. असा कंदील हाती आला की गंज खरवडून पत्रा लखलखीत करण्याचा मोह होतो. इथे थांबले पाहिजे. जुन्या कंदिलाचा पत्रा पुष्कळदा कथिलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा असतो. तेच कथील, पण तांब्यावर ते एक वागते आणि लोखंडावर दुसरेच. तांब्यावरच्या कल्हईला ओरखडा पडला तर कथील आधी झिजते आणि तांबे मागे राहते. लोखंडावरच्या कथिलाला ओरखडा पडला तर उघड्या दमट हवेत लोखंडच आधी गंजते, कारण दोघांत अधिक क्रियाशील तेच आहे. पॉलिश पेपरने चमकवलेला कंदील एका पावसाळ्यात लाल पडतो, तो यामुळे.

म्हणून गंज फक्त डागापुरता काढावा. बारीक स्टील वूल रॉकेलात भिजवून हलकेच फिरवावे, पत्रा पूर्ण कोरडा करावा आणि त्यावर मेणाचा किंवा पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्यावा. कंदील पेटवायचा असेल तर लॅकर टाळावे.

३. लाकूड आणि लाख

जुन्या सागवानावर बहुधा लाखेचे पॉलिश असते: लाखकिड्याचा राळेसारखा स्राव स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ थरांनी चढवलेला. मिरजेचे सतारमेकर हीच लाख तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आणि दांडीवर चढवत आले आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागच्या कारागिरीत पॉलिशचा हातही आहे.

लेप ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावावा. मिनिटभरात जागा चिकट झाली तर लाख समजावी. तशीच राहिली तर मेलामाइन किंवा तसले आधुनिक पॉलिश. लाखेचा मोठा गुण असा की नवा थर जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात एकजीव होतो. त्यामुळे सगळे पॉलिश खरवडण्याची गरज नसते. धूळ व तेलकटपणा पुसावा, बारीक पेपर नुसता फिरवावा आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात चढवत जावेत.

ऋतूही पाहावा लागतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो; हवा दमट असेल तर त्यावर बाष्प धरते आणि पॉलिश पांढरे पडते. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडे हे काम काढू नये. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत ते बरेच सोपे जाते.

४. पुरात भिजलेले लाकूड

सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली. अशा पुरानंतर लाकडी सामान रस्त्यावर उन्हात टाकले जाते. ही घाई घातक ठरते. वरचा थर झपाट्याने आकसतो, गाभा ओलाच असतो आणि लाकूड तडकते. गाळ वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने धुवावा, दारे-खण काढून ठेवावेत आणि वस्तू सावलीत, वारा खेळेल अशी, विटांवर उचलून काही आठवडे वाळू द्यावी. ओल आत कोंडून वर पॉलिश मारले तर ते पांढरे पडते, सुटते.

लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते-आकसते. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून जुने सुतार दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवत. पुरानंतर ती खुळखुळते म्हणून तिला स्क्रू मारला की पुढच्या उन्हाळ्यात ती मधोमध फाटते. सैल फळी हा दोष नव्हे, ती रचना आहे. सुटलेल्या सांध्यांतही आधी जुना सरस पाहावा. तो ऊब आणि ओलाव्याने मऊ होतो, सांधा सुखरूप उघडतो. फेविकॉलने घट्ट केलेला सांधा पुढे उघडायचा झाला तर लाकूडच फाटते.

५. केव्हा हात लावू नये

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून, मास्क बांधून, मुलांपासून दूर घासावा. पाळण्याच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट.

झिजलेला लेप घरी नवा करता येतो. सुटलेला सांधा धीराने बसवता येतो. पण वाळवीने पोखरलेले लाकूड किंवा भोक पडलेले भांडे हे अंगाचे दुखणे आहे. ते सुताराकडे, तांबटाकडेच न्यावे. उत्तम नूतनीकरणाची कसोटी चकाकी ही नाही. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला तीच वस्तू पुन्हा उघडून, पुसून, लेपून वापरता आली पाहिजे. आज आपण जे काही लावू ते त्याला काढता यावे, आणि आज जे खरवडू ते परत येणार नाही, एवढे लक्षात ठेवून काम केले तर वस्तू आपल्यानंतरही घराच्या उपयोगी पडते.